भाकरी सोडली, मग साखर आली कुठून? – रक्तशर्करेचे चढउतार आणि कीटोन समजून घेऊया



मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले की हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. कुणाच्या तरी डब्यात चपाती नसते. नुसती भाजी, काकडी, पनीर, दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे. "मी भात-चपाती बंद केलीय, शुगर कंट्रोलमध्ये आणायचीय," असं उत्तर मिळतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाने २०२३ साली सांगितलं की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा हा विषय आपल्या स्टाफरूममध्ये, घरात आणि वर्गातही आहेच.

कर्बोदके कमी करण्याचा आहार अनेक प्रौढांना उपयोगी पडतो, हे खरं आहे. पण तो सुरू केला की काही प्रश्न पडतात. भात सोडला तरी सकाळची साखर १०८ कशी? लघवीत कीटोन आले म्हणजे किडनी बिघडली का? गोळी तीच चालू ठेवायची का? आणि घरातल्या मुलांनाही हाच आहार द्यावा का? आजच्या लेखात आपण याच प्रश्नांची उत्तरं, पाचवीच्या मुलालाही समजेल अशा भाषेत पाहणार आहोत.

१) रक्तात साखर असते तरी किती?

आधी एक छोटं गणित करूया. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं. रिपोर्टवर साखर १०० लिहिलेली असेल, तर त्याचा अर्थ १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. म्हणजे १ लिटरमध्ये १ ग्रॅम आणि ५ लिटरमध्ये ५ ग्रॅम. अख्ख्या शरीरातल्या रक्तात फक्त एक चहाचा चमचा साखर!

आता ताटाकडे बघा. एका फुलक्यात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात. एका वाटीभर (१५० ग्रॅम) शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे रक्तात एकावेळी जेवढी साखर असते, त्याच्या आठपट कर्बोदके एका वाटी भातातून येतात. तरीही निरोगी माणसाची साखर जेवणानंतर १४० च्या पुढे सहसा जात नाही आणि दोन-तीन तासांत पूर्ववत होते. ही कमाल मुख्यतः इन्सुलिनची.

२) चढउतार का होतात?

यकृत म्हणजे आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. जेवलो की साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि साखर स्नायूंमध्ये व यकृताच्या टाकीत भरली जाते. ही साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन. रात्री आपण झोपलेलो असतो, खाणं बंद असतं. तेव्हा ग्लुकॅगॉन नावाचं दुसरं संप्रेरक टाकीचा नळ थोडा थोडा उघडत राहतं. म्हणून रात्रभर उपाशी असूनही सकाळी साखर शून्यावर येत नाही.

मोजमापाचे आकडे वहीत लिहून ठेवण्यासारखे आहेत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर):

• उपाशीपोटी १०० च्या आत – सामान्य
• उपाशीपोटी १०० ते १२५ – मधुमेहाची पूर्वावस्था
• उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, आणि पुन्हा तपासूनही तसंच – मधुमेह
• ७० च्या खाली – साखर कमी झाली. ५४ च्या खाली – धोक्याची पातळी

चढउतार फक्त गोड खाल्ल्यानेच होतात असं नाही. कमी झोप, ताप, भांडण, परीक्षेचं टेन्शन, निवडणूक ड्युटीचा ताण, या सगळ्यांत कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन वाढतात आणि ते यकृताचा नळ जास्त उघडतात. उलट, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललं तरी स्नायू साखर ओढून घेतात.

आणखी एक, आपल्याकडचा उपवास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, वर गोड दही. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण साखरेच्या बाबतीत अगदी तंतोतंत लागू पडते. रोजच्या भाजी-भाकरीपेक्षा उपवासाच्या दिवशीच अनेकांची साखर जास्त चढते.

घरच्या ग्लुकोमीटरबद्दलही थोडं. चांगल्या मीटरमध्येही साधारण १५ टक्के फरक मान्य धरलेला असतो. त्यामुळे काल १०८ आणि आज ११६ आली म्हणून घाबरू नका, आणि ९८ आली म्हणून पेढे वाटू नका. एका आकड्यावर जाऊ नये, आठवड्याचा कल बघावा. आणि हो, केळं किंवा आंबा सोललेल्या हाताने तपासू नका. बोटावरची साखरसुद्धा मीटर मोजतं!

३) कर्बोदके कमी केली की शरीरात काय होतं?

दिवसाला साधारण १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेतली तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. ५० ग्रॅमच्या आत आलं की त्याला कीटो आहार म्हणण्याची पद्धत आहे. दोन्हींत खूप फरक आहे. दिवसाला पाच फुलके आणि भाजी-आमटी बेताची, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात एक वाटी भात खाल्ला तरी दिवसाचा कोटा जवळजवळ संपतो.

आता टाकीकडे परत येऊ. यकृताच्या टाकीत साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. बाहेरून भरणा थांबला तर ते सुमारे एका दिवसात संपत येतं. गंमत अशी की १ ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी साठवलेलं असतं. टाकी रिकामी झाली की ते पाणीही लघवीवाटे निघून जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात "दोन किलो उतरले!" असा जो आनंद होतो, त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं असतं. याच काळात डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पायात गोळे येणं असा त्रास होतो, कारण पाण्याबरोबर मीठही जातं.

मग शरीर चालतं कशावर? इथे लोडशेडिंगचं उदाहरण घेऊ. लाईट गेली की इन्व्हर्टर सुरू होतो, तसं साखर कमी पडली की चरबी कामाला लागते. पण मेंदूची एक अडचण आहे. चरबीची आम्लं सरळ मेंदूला वापरता येत नाहीत. म्हणून यकृत त्या चरबीपासून लहान लहान रेणू बनवतं, जे मेंदूपर्यंत पोहोचतात. हेच कीटोन. ते तीन प्रकारचे असतात: ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ॲसिटोन. यातलं ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतं, म्हणून कीटो करणाऱ्यांच्या तोंडाला नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवासारखा किंवा पिकलेल्या फळासारखा वास येतो.

पण घरातली प्रत्येक वस्तू इन्व्हर्टरवर चालत नाही, फ्रिज-गीझर चालत नाहीत. तसंच शरीरातल्या लाल रक्तपेशींना फक्त ग्लुकोजच चालतं. मेंदूलाही थोडं ग्लुकोज लागतंच. मग भात-भाकरी नसताना ते येतं कुठून? यकृत ते स्वतः तयार करतं: प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून आणि स्नायूंकडून येणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून. लेखाच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. भाकरी सोडली तरी साखर आपल्याच यकृताच्या कारखान्यातून येते.

४) कमी कर्बोदके आणि तीन कोडी

कर्बोदके कमी केली की जेवणानंतरचे उंच डोंगर ठेंगणे होतात, आलेख सपाट होतो. हा या आहाराचा मुख्य फायदा. तरीही तीन गोष्टी लोकांना गोंधळात टाकतात.

पहिलं कोडं: सकाळची साखर. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत कॉर्टिसॉल वगैरे संप्रेरकं वाढवतं आणि यकृत साखर सोडतं. कर्बोदके कमी असताना स्नायू चरबीवर चालत असतात, ते ही साखर फारशी उचलत नाहीत. त्यामुळे दिवसभर आकडे छान आणि सकाळीच थोडा जास्त, असं दिसू शकतं. अशा वेळी नुसती सकाळची साखर न बघता तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी बघावी. ती ५.७ टक्क्यांच्या आत सामान्य आणि ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह धरतात.

दुसरं कोडं: लग्नाची पंगत. महिनाभर भात-चपाती बंद, आणि एका दिवशी जिलेबी, मसालेभात, पुरी. साखर पूर्वीपेक्षाही जास्त उसळते. मधुमेह एका रात्रीत वाढला असं नसतं. बरेच दिवस कर्बोदके न मिळाल्याने शरीराची ती हाताळायची सवय तात्पुरती मोडलेली असते. नेहमीचा आहार काही दिवस घेतला की ती परत येते.

तिसरं कोडं यातूनच येतं: ग्लुकोज पिऊन करायची तपासणी. या तपासणीआधी किमान तीन दिवस रोज १५० ग्रॅम तरी कर्बोदके खावीत, असा नियम आहे. कीटोवर असताना तपासणी केली तर निरोगी माणसाचाही रिपोर्ट मधुमेहासारखा येऊ शकतो. गरोदर भगिनींची ही तपासणी नेहमी होते, म्हणून आपण काय खातोय ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

५) कीटोन: मित्र की शत्रू?

उत्तर आकड्यात आहे. रक्तातले कीटोन मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात.

• ०.५ च्या आत – रोजच्या आहारावरचा सामान्य माणूस
• ०.५ ते ३ – कीटो आहार किंवा लांबलेला उपवास
• ३ किंवा जास्त, सोबत मधुमेह आणि उलट्या-धाप यांसारखा त्रास – कीटोॲसिडोसिस असू शकतो, तातडीने दवाखाना

निरोगी माणसात कीटोन एका मर्यादेत का राहतात? कारण इन्सुलिन हा ब्रेक आहे. कीटोन वाढले की थोडंसं इन्सुलिन सुटतं आणि चरबी वितळण्याचा वेग आवरला जातो. टाइप १ मधुमेहात मात्र स्वादुपिंडातून इन्सुलिन येणंच जवळजवळ बंद होतं. म्हणजे उतारावर गाडी, आणि ब्रेक नाही. साखर वाढत जाते, कीटोनही वाढत जातात, रक्त आम्लधर्मी होतं. यालाच डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर तो जीव घेतो.

इन्सुलिनच्या शोधाआधी टाइप १ झालेल्या मुलांपुढे एकच मार्ग होता: जवळजवळ उपाशी ठेवणारा, अत्यल्प कर्बोदकांचा आहार. त्याने मुलं काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं तग धरत आणि अखेर सांगाडा होऊन जात. १९२१ मध्ये टोरंटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचलं गेलं आणि तो त्यानंतर १३ वर्षं जगला. या इतिहासातून आपण एवढं शिकायचं: टाइप १ मध्ये आहार इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. "अमुक आहाराने इन्सुलिन सुटतं" हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज टाइप १ च्या मुलाच्या पालकांसाठी घातक आहे. मूल आजारी आहे, जेवत नाही, म्हणूनही इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नसतं. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांना विचारून.

लघवीच्या पट्टीबद्दल एक सूचना. ती पट्टी फक्त ॲसिटोॲसिटेट दाखवते. रक्तात जास्त प्रमाणात असणारा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसत नाही. म्हणून पट्टीचा रंग फिका आहे आणि माणूस मात्र उलट्या करतोय, अशा वेळी पट्टीवर विश्वास ठेवून घरी थांबू नये.

६) गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर, मग डबा

स्टाफरूममध्ये सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा हाच. समजा, एक पन्नाशीचे सर ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. ही गोळी (आणि ग्लिक्लाझाइडसारख्या तिच्या बहिणी) स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही भाकरी खा अगर नका खाऊ. सरांनी कुणाचं तरी ऐकून सोमवारपासून भाकरी-भात बंद केला, गोळी तीच. मंगळवारी परिपाठाला उभे असताना घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. आहार वाईट नव्हता, गोळीही वाईट नव्हती. दोघांचा हिशेब जुळला नाही, एवढंच. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीतही हाच धोका आहे.

दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या साखर लघवीतून बाहेर काढतात. त्यांच्यासोबत कर्बोदके फारच कमी केली तर कीटोन वाढून कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना! मीटरवर १६० दिसतंय म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि इथेच घात होतो. या गोळ्या चालू असताना मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली तर आकडा न बघता दवाखाना गाठावा आणि गोळीचं नाव सांगावं.

बीपीची गोळी घेणारे, किडनीचा आजार असणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांनीही हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

७) वर्गात असं मूल असेल तर

टाइप १ मधुमेहाचं निदान अनेकदा शाळेच्या वयात होतं. त्यामुळे पहिली चाहूल कधी कधी शिक्षकालाच लागते. चार खुणा लक्षात ठेवा: सारखं लघवीला जाणं, सारखं पाणी पिणं, लवकर थकणं, आणि खाऊनही वाळत जाणं. लघवीला वारंवार परवानगी मागणाऱ्या मुलाला "बहाणे करतो" म्हणण्याआधी हे आठवावं. अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, हीसुद्धा खूण आहे. पालकांना बोलावून त्याच दिवशी साखर तपासायला सांगा. सोबत उलट्या, पोटदुखी, खोल-जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय.

निदान झालेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर कमी होणं ही दुसरी तातडी. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं, अक्षर अचानक बिघडणं. अशा वेळी:

१. मुलाला बसवा, एकटं सोडू नका, एकट्याला घरी पाठवू नका.
२. दोन ते तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्या.
३. १५ मिनिटं थांबा, मीटर असेल तर तपासा. ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या.
४. बरं वाटल्यावर बिस्किट, पोळी असं काहीतरी खायला द्या आणि पालकांना कळवा.
५. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

चॉकलेट देऊ नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. वर्गाच्या कपाटात ग्लुकोज पावडरचा एक पुडा असू द्यावा, आणि तो कुठे आहे ते शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही माहीत असावं.

८) मुलांनाही हाच आहार द्यावा का?

निरोगी, वाढत्या वयाच्या मुलाला कीटो देऊ नये. मुलांचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा, टाकी लहान. म्हणून उपाशी राहिल्यावर किंवा ताप-उलट्यांत त्यांच्या लघवीत मोठ्यांपेक्षा लवकर कीटोन दिसतात. औषधांना दाद न देणाऱ्या काही प्रकारच्या अपस्मारात (फिट्स) मुलांना कीटो आहार दिला जातो, ही पद्धत १९२१ पासून आहे. पण तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ग्रॅममध्ये मोजून दिलेला उपचार असतो.

शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरवली आहेत. हा भात मुलांचा शत्रू नाही. काढायचं असेल तर शीतपेय काढा. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. वाढवायचं असेल तर उसळ, शेंगदाणे, दही, पालेभाजी वाढवा. घरातले मोठे वेगळं खात असतील, तर मुलांसमोर "भात म्हणजे विष" असं म्हणू नये. मुलं ते वाक्य उचलतात आणि शाळेच्या ताटातला भात बाजूला सारतात.

९) वर्गात घेण्याजोगी कृती

इयत्ता चौथी-पाचवीसाठी, साहित्य: साखर, चमचा, पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या, शीतपेयाची रिकामी बाटली.

• २५ किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात साधारण २ लिटर रक्त असतं. दोन बाटल्या पाणी समोर ठेवा. विचारा, "यात किती चमचे साखर असेल?" मुलं पाच, दहा, वीस म्हणतील. मग २ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी साखर दाखवा.
• शेजारी शीतपेयाच्या बाटलीतले सहा चमचे मोजून बशीत ओता. तुलना मुलांनाच करू द्या.
• भात, बटाटा, काकडी आणि पनीरच्या तुकड्यावर आयोडीनचा एकेक थेंब टाका. निळा-काळा रंग कुठे येतो? पिष्ट कुठे आहे ते दिसेल. (हे तुकडे खायचे नाहीत, हे आधी सांगा.)

ही कृती घ्यायला चांगला दिवस म्हणजे १४ नोव्हेंबर. आपण तो बालदिन म्हणून साजरा करतो. बँटिंग यांचा जन्मही १४ नोव्हेंबरचाच (१८९१), म्हणून जगभर तो जागतिक मधुमेह दिन असतो. फुगे-खाऊबरोबर दहा मिनिटं या बशीतल्या साखरेला द्या. आणि त्याच दिवशी वर्गातल्या पालकांना एका चिठ्ठीतून विचारा, "तुमच्या मुलाला कोणता आजार, कोणतं औषध चालू आहे का?" कुठल्या मुलासाठी ग्लुकोजचा पुडा लागणार आहे, ते त्या चिठ्ठ्यांतून आधीच कळेल.